यंत्राची साक्ष

आपल्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे गाव आज तालुक्याचे एक गजबजलेले ठिकाण म्हणून ओळखले जाते. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी हेच कल्याण चालुक्यांच्या राजधानीचे नगर होते, आणि सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. १०७६ ते ११२६ ह्या काळात, विज्ञानेश्वर नामक पंडिताने येथे 'मिताक्षरा' हा ग्रंथ रचला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका पुढे बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानात वारसाहक्काचा आधार मानली गेली. कोलब्रुक साहेबाने तिच्या दायविभागाचे १८१० साली इंग्रजी भाषांतर केल्यावर इंग्रजांच्या न्यायालयांतही तिचा शब्द प्रमाण ठरला. वारसाहक्कामुळे मिताक्षरेचे नाव झाले हे खरे, पण आम्हांस तिच्यातले दुसरेच एक प्रकरण अधिक जवळचे वाटते. वादी-प्रतिवादी न्यायसभेत उभे राहिल्यावर खरे काय ते कशावरून ठरवावयाचे? स्मृती म्हणते की प्रमाणे तीन : लिखित, भुक्ती आणि साक्षी. लेख असेल तर लेख पाहावा, वहिवाट असेल तर वहिवाट पाहावी, आणि साक्षीदार असतील तर त्यांस विचारावे. लेखाविषयी संशय आला तर त्याच माणसाच्या हातचे दुसरे लिखाण आणून ताडून पाहावे, अशीही सोय तेथे सांगितली आहे.

ह्या शाळेच्या बाकांवर बसून गेल्यास आम्हांस बरीच वर्षे झाली. आता आम्ही ह्याच भागातील तालुका न्यायालयात वकिली करतो. 'नव्या यंत्रयुगातील वकिली' ह्या विषयावर वार्षिकासाठी काही लिहावे, असे संपादक-शिक्षकांनी सुचविले तेव्हा प्रथम आम्हांस हसू आले. तंत्रज्ञानाचा कायदा म्हणजे बंगळूरच्या काचेच्या इमारतींत, मोठमोठ्या कंपन्यांचे करार वाचीत बसणाऱ्या मंडळींचे काम, असाच आमचाही समज होता. मग त्या संध्याकाळी आम्ही आपल्या पिशवीतील कागदपत्रे चाळली. एका दाव्यात संगणकातून निघालेली पहाणी, दुसऱ्यात भ्रमणध्वनीवरील संभाषणाची ध्वनिफीत, तिसऱ्यात दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण, चौथ्यात बँकेच्या खात्यातून कोणी परस्पर पळविलेले पैसे. यंत्र नाही अशी प्रकरणे थोडीच निघाली. आमच्या आजोबांच्या काळी, निजामाच्या अमलात, ह्या भागातील न्यायालयांचे काम उर्दूत चाले. १९५६ साली राज्यांची फेररचना होऊन बिदर व गुलबर्गा (आता कलबुर्गी) हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले, आणि कागद कन्नडात होऊ लागले. मराठी बोलणाऱ्या पक्षकाराचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घ्यावयाचे आणि कागद दुसऱ्या भाषेत वाचावयाचे, हे येथील वकिलास नवे नाही. आता त्यात यंत्राची भाषा वाढली आहे, इतकेच.

प्रथम पहाणीची गोष्ट सांगू. महाराष्ट्रात ज्यास सातबारा म्हणतात त्यास आपल्याकडे पहाणी म्हणतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. पूर्वी ती हाताने लिहिलेली असे आणि गावच्या हिशेबनीसाच्या दप्तरात असे. उतारा हवा तर त्याच्या दारी जावे, तो असेल तर नशीब, नसेल तर पुन्हा जावे. कर्नाटक सरकारने 'भूमी' योजनेखाली सुमारे दोन कोटी नोंदी संगणकात घातल्या, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून दोन-तीन वर्षांत तालुक्याच्या ठिकाणी छापील उतारा पंधरा रुपयांत मिळू लागला. नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्यास संगणकापुढे स्वतःच्या बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे फेरफार कोणी केला हे लपून राहू नये. ही सुधारणा मोठी होती, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणकात नोंद चढविताना जी चूक शिरली ती जुन्या चुकीपेक्षा अधिक प्रतिष्ठित होऊन बसते. दप्तरातील खाडाखोड दिसत असे, छापील उताऱ्यावर खाडाखोड नसतेच. आमच्या एका पक्षकार बाईंच्या नवऱ्याचे नाव उताऱ्यात एका अक्षराने वेगळे पडले होते. उतारा कन्नडात, बाईंस कन्नड अक्षरओळख नाही, त्यामुळे अनेक वर्षे ते कोणाच्याच ध्यानी आले नाही. नवरा वारल्यावर वारसाची नोंद करावयास गेल्या तेव्हा समजले की त्या नावाचा माणूस त्या जमिनीचा मालकच नाही. एक अक्षर दुरुस्त होण्यास दोन पावसाळे गेले. कोणी लबाडी केली नव्हती. पण पूर्वी चूक झाली तर शेतकरी निदान एखाद्या माणसाशी भांडू शकत असे; आता "संगणकात असेच आहे" ह्या उत्तराशी कसे भांडावे हे त्यास कळत नाही. ते भांडण त्याच्या वतीने करणे हे आमचे काम होय.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती सांगताना हात जड होतो. परंतु ती आपल्या जिल्ह्यात घडली, आणि ती वगळून हा विषय लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०१८ सालच्या जुलै महिन्याची १३ तारीख. हैदराबादेहून काही तरुण मित्र मोटारीने आपल्या भागात आले होते. त्यांतील एक पाहुणा कतार देशाचा होता. वाटेत शाळेतून परतणारी मुले दिसली, तेव्हा त्यांनी जवळची परदेशी चॉकलेटे मुलांस वाटली. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची आवई भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली होती. लोकांस संशय आला, कुरबूर झाली, आणि हे तरुण मोटार घेऊन निघाले. मोटारीच्या चाकांपेक्षा वेगाने व्हॉट्सॲपवरील संदेश पुढच्या गावी पोचला. तेव्हाच्या औराद तालुक्यातील मुरकी येथे रस्ता अडविला गेला, मोटार खड्ड्यात गेली, आणि जमावाने आतल्यांस बाहेर ओढून मारहाण केली. सोडविण्यास गेलेले पोलीसही जखमी झाले. बत्तीस वर्षांचा एक अभियंता तेथे प्राणास मुकला. पुढे सुमारे तीस लोकांस अटक झाली. ज्या गटात संदेश फिरला त्याचा चालकही त्यांत होता, असे वृत्तपत्रांत आले. ह्यापूर्वी बाराच दिवस आधी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस अशाच आवईवरून ठार मारण्यात आले होते.

त्या वर्षी ज्या चित्रफिती हातोहात फिरत होत्या त्यांतील एकीचे मूळ पुढे उघडकीस आले. दोघे मोटारसायकलस्वार रस्त्यावर खेळणारे मूल उचलून पळतात, असे तीत दिसे. वस्तुतः ती कराचीतील एका संस्थेने पालकांस सावध करण्यासाठी काढलेली फीत होती. तिच्या शेवटी ते स्वार परत येतात, मूल खाली ठेवतात आणि सूचनेचा फलक दाखवितात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला होता. जुन्या काळच्या खोट्या कागदात काही तरी जास्तीचे लिहिलेले असे. येथे काहीच न लिहिता, केवळ कापून, खोटा पुरावा तयार झाला.

विज्ञानेश्वराच्या पंक्तीस बसून विचार केला तर लेखास आणि साक्षीदारास आपण तीन प्रश्न विचारतो. हे कोणी म्हटले? जे म्हटले तेच माझ्यापुढे आहे काय, की मध्ये कोणी हात मारला? आणि उलटतपासणीस उत्तर द्यावयास कोण उभे राहणार? पुढे ढकललेल्या संदेशापाशी ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नसतात. मुरकीच्या रस्त्यावर ते प्रश्न विचारावयास कोणास सवड नव्हती.

ह्यावर कायद्याने काय केले? थोडे केले, आणि तेही मागाहून. मुरकीच्या घटनेनंतर चौथ्या दिवशी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून चालू असलेल्या एका प्रकरणात निर्णय देऊन प्रत्येक जिल्ह्यात जमावाच्या हिंसेस आळा घालण्यासाठी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमण्याची आज्ञा केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने हिंदुस्थानात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये असे केले, आणि २०१९ च्या जानेवारीत तोच नियम जगभर लावला. एखाद्या कायदेमंडळाने नव्हे, तर एका खासगी कंपनीने आपल्या यंत्रातील एक आकडा बदलला, आणि कोट्यवधी लोकांच्या वागण्यास लगाम बसला. आमच्यासारख्या कायद्याच्या माणसास ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केल्यास देहदंड वा जन्मठेप आणि दंड अशी स्वतंत्र तरतूद झाली. मुले पळविण्याचा संशय हे 'तत्सम कारण' होते काय, ह्यावर वकिलांनी वाद घालावा अशी ही शब्दरचना आहे. शिवाय २०१८ च्या कृत्यास २०२४ चा कायदा लागू होत नाही. कृत्य घडले त्या वेळी जो कायदा होता त्यानेच शिक्षा व्हावी, हे आपल्या घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील अभिवचन होय. आरोपी कितीही अप्रिय असो, ते त्यासही मिळते.

गटाच्या चालकाविषयी विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात, कारण त्यांतील पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या गटाचे चालक असतात! गोंदिया जिल्ह्यातून आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले की सभासदाने लिहिलेल्या मजकुरास केवळ चालक असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही; दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखविले पाहिजे. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. परंतु मजकूर स्वतः पुढे पाठविणाऱ्यास त्याचा आडोसा मिळत नाही, हेही ओघानेच आले.

संदेशाचा मूळ लेखक शोधावा असे सरकारने २०२१ च्या नियमांत म्हटले : मोठ्या संदेशवाहक कंपन्यांनी, गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठी आज्ञा झाल्यास, पहिला पाठविणारा कोण हे सांगितले पाहिजे. कंपनी त्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच यंत्रात उघडतो. मधल्या वाटेवर तो कंपनीसही वाचता येत नाही. एकाचा माग ठेवावयाचा तर सर्वांचाच ठेवावा लागेल. येथे २०१७ सालचा दुसरा एक निर्णय आड येतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ह्यांनी आधार योजनेविरुद्ध २०१२ साली केलेल्या अर्जातून निघालेल्या प्रश्नावर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क होय. मुरकीचे स्मरण ठेवून पाहिले तर मूळ लेखक सापडावा असे वाटते. एखादी मुलगी वैद्यास लिहीत असलेले पत्र मनात आणले तर कुलूप तसेच राहावे असे वाटते. आमचे मन दुसऱ्या बाजूस झुकते. मुरकीस ज्यांनी हात उचलला ते अनोळखी नव्हते, त्यांस शोधावयास कुलूप फोडण्याची गरज नव्हती. पण ह्या बाबतीत आमच्याच बारमधील अनुभवी मंडळी आमच्याशी सहमत नाहीत.

पुराव्याकडे पुन्हा वळू, कारण तालुक्याच्या वकिलाची खरी कसोटी तेथेच लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि त्याबरोबर जुन्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घालण्यात आले. यंत्रातील नोंदीची नक्कल न्यायालयात द्यावयाची तर तिच्यासोबत, ते यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्या जबाबदार माणसाचे प्रमाणपत्र हवे, असा त्याचा भाव आहे. वाचावयास सोपे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ते सैल केले, २०१४ साली घट्ट केले, २०१८ साली पुन्हा सैल केले. खालच्या न्यायालयांतील आमची स्थिती काय झाली असेल ह्याची कल्पना करावी.

शेवटचा निकाल मराठवाड्यातील एका प्रकरणात लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन पंडितराव खोतकर हे कैलास गोरंट्याल ह्यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारीचे अर्ज देण्याची मुदत २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीन वाजता संपत होती. विजयी उमेदवाराचे अर्ज तीननंतर आले अशी पराभूत पक्षाची तक्रार. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत चित्रण करणारे कॅमेरे होते. म्हणजे घड्याळाचा साक्षीदार हजर होता! पण चित्रणासोबत द्यावयाचे प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची उलटतपासणी विचारात घेऊन २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण वर गेले, तेथे त्या आदेशास स्थगिती मिळाली, आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायाधीशांनी सांगितले की प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणून दाखविले तर त्याची गरज नाही. आणि जो पक्ष सर्व प्रयत्न करूनही दुसऱ्याच्या अडवणुकीमुळे प्रमाणपत्र मिळवू शकत नाही, त्यास कायदा अशक्य गोष्ट करावयास लावीत नाही. अपील फेटाळले गेले. मात्र तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती.

२०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते, आणि त्यात नोंदीचा 'हॅश' लिहावा लागतो. हा हॅश म्हणजे काय, हे गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. कोणतीही फाईल, मग ती एका ओळीची असो वा तीन तासांच्या चित्रपटाची, विशिष्ट गणिती चक्कीतून काढली की ठरावीक लांबीचा अंक बाहेर पडतो. एका प्रचलित पद्धतीत तो चौसष्ट चिन्हांचा असतो. फाईलीतील एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा अंक निराळा होतो, आणि अंकावरून फाईल उलट तयार करता येत नाही. खरेदीखतावरील अंगठा माणसाचा असतो. हा दस्तऐवजाचा स्वतःचाच अंगठा. जप्तीच्या वेळचा आणि न्यायालयातला अंक जुळला, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : मध्ये कोणी हात मारलेला नाही. पहिला प्रश्न मात्र तसाच उरतो. खोटी फीत जशीच्या तशी जपली तर तिचाही हॅश जुळेल.

कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांनी अलीकडे नवीच पंचाईत करून ठेवली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी अशा यंत्रास विचारून जुने निवाडे दाखल केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते, आणि पाच हजार डॉलर दंड भरावा लागला. दूर अमेरिकेचे नवल म्हणून आम्ही ते वाचले. २०२५ साली आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयास, बंगळूरच्या एका दिवाणी न्यायाधीशाने अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतल्याबद्दल चौकशीचा आदेश द्यावा लागला. आम्ही ही यंत्रे वापरीत नाही असे म्हणणार नाही. कन्नड आदेशाचा मराठी सारांश पक्षकारास समजावून सांगावयास त्यांची मदत होते. पण त्यांनी सांगितलेला प्रत्येक निवाडा मूळ पुस्तकात उघडून पाहिल्यावाचून आम्ही सही करीत नाही. शेवटी न्यायाधीश प्रश्न विचारतात ते यंत्रास नव्हे, उभ्या असलेल्या वकिलास.

ज्या विद्यार्थ्यांस ह्या व्यवसायाची ओढ वाटते त्यांनी कन्नड, मराठी व इंग्रजी तिन्ही भाषांवर मेहनत घ्यावी आणि गणितास भिऊ नये, एवढे सांगतो. बंगळूरला जावेच लागते असे नाही. २००८ पासून उच्च न्यायालय कलबुर्गीस बसते आणि २०१३ पासून तेथे त्याचे कायम खंडपीठ आहे.

मागच्या आठवड्यात एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. भावाने जमिनीचा हिस्सा कबूल केल्याचा आवाजी संदेश त्यांच्याजवळ होता. त्यांनी तो मोठ्या विश्वासाने आम्हांस ऐकविला. आवाज स्पष्ट होता. पण तो ज्या भ्रमणध्वनीवर आला होता तो मुलाने दिवाळीत दुकानदारास देऊन नवा घेतला होता, आणि हातात होती ती पुतण्याच्या यंत्रावरून आलेली नक्कल. भाऊ म्हणतो, आवाज माझा नव्हे, तो यंत्राने तयार केला आहे. तीन वर्षांपूर्वी असे म्हणणे कोणास सुचलेही नसते. आम्ही त्या दुकानदाराचा पत्ता काढला आहे, संदेश आला तेव्हा घरात कोण कोण होते त्यांची नावे लिहून घेतली आहेत, आणि भावाच्या आवाजाचे नमुने घेतले जावेत असा अर्ज केला आहे. संशयित लेखाशी त्याच हातचे दुसरे लिखाण ताडून पाहण्याचाच हा प्रकार. पुढील तारीख संक्रांतीनंतरची आहे.